रात्री कोण कुठे निजायचं? नाशिकच्या घरांच्या आठवणी

गेल्या दिवाळीनंतर तिवंधा चौकाजवळचा आमचा वाडा उतरवला. पाडला म्हणवत नाही, कारण सागाचे खांब, तुळया, दारं एकेक करून खाली घेतली, मोजली आणि ट्रकमध्ये भरली. शेवटच्या दिवशी आम्ही सगळी चुलत भावंडं जमलो. थोरल्या दादाने एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर वाड्याचा नकाशा काढला. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, जिना, माडी. तिथवर कुणाचं दुमत नव्हतं. मग धाकटी म्हणाली, "आता रात्री कोण कुठे निजायचं तेही लिही." तिथून जो गलका सुरू झाला तो साडेअकरापर्यंत थांबला नाही. कोणाची गादी भिंतीकडे, कोण कंदिलापाशी, कोणाला खिडकीचा वारा सोसायचा नाही... एकेक जागा आठवत गेली तशी माणसंही आठवत गेली, त्यांचं खोकणं, कूस बदलणं, झोपेतलं बोलणं.

म्हणून हा धागा. तुम्ही लहान असताना तुमच्या घरात रात्री कोण कुठे निजायचं, एवढंच लिहा. वाडाच असायला हवा असं नाही. चाळ, क्वार्टर, मळ्यातलं घर, एक खोली, काहीही चालेल. नाशिक शहर आणि आसपासची गावं, सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण.

सुरुवात माझ्यापासून करतो.

तिवंधा, जुनं नाशिक

आमच्याकडे जागा फुटात मोजत नसत, खणात मोजत. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. माजघर पाच खणांचं. ओसरीवर आजोबांचा लाकडी पलंग, पायथ्याशी त्यांची काठी आणि पाण्याचा तांब्या. रात्री दिंडीची कडी वाजली की तेच विचारायचे, "कोण रे?" माडीवर काका-काकू. त्यांच्या शेजारच्या लहान खोलीत आई-दादा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. माजघरात देवघराच्या भिंतीला आजी, आणि तिच्यापासून ओळीने आम्ही चार भावंडं. नकाशावर थोरल्या दादाने एकूण दहा नावं लिहिली.

ओळीतला क्रम ठरलेला होता. सगळ्यात धाकटं आजीजवळ, मग वयाने चढत. फक्त कोणाला ताप आला की क्रम मोडायचा. तापलेल्या पोराला कोनाड्याखालची जागा मिळायची, कारण कोनाड्यात रात्रभर समई मिणमिणती ठेवत आणि आजीला न उठता कपाळाला हात लावता यायचा. त्या जागेसाठी मी एकदा खोटा ताप आणला होता. आजीने कपाळाला हात लावला, काही बोलली नाही, आणि मला तिथे निजू दिलं.

रंगपंचमीच्या रात्रीची अंथरुणं वेगळी असत. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. जुन्या नाशकात आणि पंचवटीत काही चौकांत पेशवेकाळापासूनचे दगडी हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर ते रस्त्याखाली बुजलेले असतात, वरून रिक्षा आणि हातगाड्या जातात. रंगपंचमीच्या आधी माती उकरून, फळ्या काढून रहाड उघडतात, धुतात, पूजा करतात, आणि उकळलेला रंग ओततात. मग काठावरून पाण्यात अंग झोकून द्यायचं, त्याला धप्पा म्हणतात. तिवंध्याची रहाड आमच्या दारातच म्हणा ना. तो रंग दोन-तीन अंघोळींनी जात नसे. त्यामुळे आजीने जुन्या लुगड्यांच्या चार गोधड्या खास त्या रात्रीसाठी ठेवलेल्या होत्या. एरवी त्या माळ्यावर. वर्षातून एका रात्री खाली यायच्या आणि दर वर्षी त्यांच्यावर रंगाचा आणखी एक थर चढायचा. वाडा उतरवताना माळ्यावर त्यातली एक सापडली. उंदरांनी अर्धी खाल्लेली, पण उरलेल्या अर्धीवर रंग तसाच.

पहाटे जाग यायची तेव्हा बंब पेटलेला असायचा, चौकात सडा पडलेला असायचा. गरम पाणी, धुराचा वास आणि रविवार कारंज्याकडून येणारा पहिल्या टांग्याचा आवाज. दिवस असा उगवायचा.

आता तुम्ही लिहा.

पंचवटी

आमचं घर गंगेच्या अगदी जवळ, होळकर पुलाच्या अलीकडे. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, मीही तेच लिहिते. दुमजली, माती-विटांचं घर. खाली म्हातारी माणसं, कारण गुडघे. वर आई, नाना आणि आम्ही तिघी बहिणी.

1969 साली सप्टेंबरात महापूर आला तेव्हा मी सात वर्षांची होते. पाऊस सुरू झाला की गल्लीतली मोठी माणसं गंगेवर जाऊन पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघून यायची. पाणी पायाला, कमरेला, छातीला, गळ्याला लागलं, ही आमची मापं. आजही पुराची बातमी तशीच सांगतात. त्या दिवशी दुपारी नाना बघून आले आणि आईला एवढंच म्हणाले, "मारुती दिसत नाही." आईने पोळपाट तसाच टाकला आणि धान्याची पोती वर चढवायला घेतली.

रात्री आम्ही सगळे वरच्या खोलीत. नाना कंदील घेऊन जिन्यात बसले होते. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या. पाणी एकेक पायरी चढत होतं आणि नाना कोळशाने भिंतीवर रेघ मारत होते. मी आजीच्या मांडीवर पडून त्या पायऱ्या मोजत होते. नवव्या पायरीवर पाणी थांबलं. आजी सारखी म्हणत होती, "माय, आता पुरे, आता पुरे." गंगेलाच म्हणत होती.

नंतरचा चिखल, भिजलेल्या धान्याचा आंबूस वास, आठ दिवस उपसाउपशी, ते सगळ्यांनी भोगलं. पण धाग्याचा विषय निजण्याचा आहे, तर ते सांगते. त्या पुरानंतर श्रावण-भाद्रपदात आमच्या घरात खाली कोणी निजेना. आजीलाही दोघं धरून वर नेत. आजोबा मात्र ऐकले नाहीत. ते खालीच, खाटेवर निजायचे. पावसाळाभर ते डाव्या कुशीवर झोपत आणि उजवा हात खाटेखाली सोडून ठेवत, बोटं फरशीला टेकतील असा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पाणी आलं तर हाताला आधी कळेल, बाळा. मग तुम्हाला हाक मारीन." ते गेले त्या वर्षापर्यंत पावसाळ्यात त्यांचा हात तसाच खाली असायचा.

2008 च्या पुरात ते घर आमचं राहिलेलं नव्हतं. तरी त्या रात्री आम्ही तिघी बहिणी तीन गावांहून एकमेकींना फोन करत होतो.

नाशिकरोड

आम्ही प्रेसच्या क्वार्टरमध्ये वाढलो. बाबा करन्सी नोट प्रेसमध्ये. 1928 सालापासून चालू असलेला तो छापखाना, आणि त्याच्या आधीची, 1925 ची, सिक्युरिटी प्रेस. नाशिकरोडच्या निम्म्या घरांच्या चुली या दोन प्रेसवर पेटल्या असं म्हटलं तरी चालेल.

दोन खोल्या. रात्रीचं सोपं होतं, पुढच्या खोलीत मी आणि भाऊ, आतल्या खोलीत आई आणि ताई. कठीण असायचा दिवस. बाबांची रात्रपाळी असली की ते सकाळी येऊन, चहा घेऊन, आतल्या खोलीत निजायचे. मध्ये आईने जुन्या साडीचा पडदा बांधला होता. त्या आठवड्यात घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. आई कुकर लावत नसे, डाळ पातेल्यात शिजवायची, शिट्टी नको म्हणून. नळाखालच्या बादलीत फडकं टाकून ठेवायची, धार वाजू नये म्हणून. आम्ही भावंडं हाताच्या खुणांनी पत्ते खेळायला शिकलो. भाजीवाल्या मावशींना आणि बोहारणीला कोणत्या बिल्डिंगमध्ये कोण रात्रपाळीचं निजलंय ते पाठ असायचं. आमच्या जिन्यापाशी आल्या की त्या आरोळी बंद करायच्या आणि दाराची कडी बोटाने वाजवायच्या. हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांच्याही घरची माणसं कुठे ना कुठे पाळीला होतीच.

गंमत अशी की स्टेशन जवळ, दिवसभर गाड्या जायच्या, मालगाड्या तर सगळी खिडकी हलवत जायच्या. त्याने बाबांची झोप मोडत नसे. ताईने कानात केलेली कुजबुज मात्र त्यांना ऐकू यायची.

बाबा कामाबद्दल कधी बोलले नाहीत. आम्ही विचारायचो, "आज किती नोटा?" ते म्हणायचे, "मी कागद बघतो." सुटताना झडती होऊनच बाहेर पडायचं, रोज. घरी येऊन ते आधी शर्टाचे दोन्ही खिसे उलटे करून ठेवायचे. निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही. बाजारातून आले तरी खिसे उलटे करून खुंटीला शर्ट लावायचे.

कॉलेज रोड

माझं थोडकंच आहे. 1992 चा फ्लॅट, मी एकुलती एक, मला स्वतःची खोली, स्वतःचा पलंग. वरचं सगळं वाचून लिहावंसं वाटलं. मी रोज रात्री उशी घेऊन आई-बाबांच्या पायथ्याशी, आडवी, येऊन निजायचे. सकाळी माझ्या खोलीतला पलंग चादर न विस्कटलेला असायचा. बाबा त्याला "पाहुण्यांची खोली" म्हणायचे. तो पलंग अजून आहे, माझी मुलगी त्यावर खरंच निजते.

सिन्नर

माझी आई बिड्या वळायची. सिन्नरला आमच्या गल्लीत दर घरी बायका बिड्या वळायच्या. त्यामुळे आमच्या घरात आई कुठे निजायची हे मला सांगता येणार नाही. मी निजायचो तेव्हा ती बसलेली असायची, आणि उठायचो तेव्हाही बसलेली असायची.

एकच लांब खोली. दाराशी उजेड म्हणून आईची जागा तिथे. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा ढीग, एका बाजूला कापलेली पानं. टेंभुर्णीची पानं आधी भिजवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, मग पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायची. हे कापणं रात्रीचं काम. वळणं दिवसाचं. कात्रीचा तो आवाज, कर्र कर्र, एकसारखा, तीच माझी अंगाई. मी तिच्या डाव्या मांडीला डोकं लावून निजायचो, कारण उजवीकडे सूप. तंबाखूची धूळ नाकात जायची, शिंका यायच्या, तरी मी तिथेच. बापू, आजी आणि बहीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खोकला वाढू नये म्हणून.

पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. बिडीचं तोंड दुमडायचं काम आम्हा पोरांकडे, त्यासाठी लहान बोटं बरी पडतात. संध्याकाळी माल द्यायला आईबरोबर मी जायचो. मोजून घेणारा माणूस मूठभर बिड्या बोटांनी दाबून बघायचा आणि बाजूला फेकायचा. "या नाही चालणार." त्या फेकलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत, आणि बिड्याही परत नाहीत. आई काही बोलायची नाही. एकदाच, पाठ फिरवल्यावर मला म्हणाली, "तुझी बोटं लागली त्यातल्या एकीला खोट नव्हती रे." हे वाक्य मी चाळीस वर्षं जपून ठेवलंय.

आता तिला पलंग केलाय, जाड गादी आहे. दुपारी जाऊन बघतो तर ती दाराशी, उजेडाच्या जागी, भिंतीला टेकून बसलेली असते.

देवळाली कॅम्प

तोफखान्याच्या सरावाचा आवाज हे आमचं घड्याळ. फायरिंग सुरू झालं की काचेचं कपाट थरथरायचं. आजीने प्रत्येक काचेच्या फटीत वर्तमानपत्राची घडी खोचून ठेवली होती. दर दिवाळीला जुनी घडी काढून नवी. आमचा पाळणा त्या कपाटापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात टांगलेला. आम्ही पाचही भावंडं त्याच कोपऱ्यात वाढलो.

सिडको

वर एक खोली म्हणून लिहिलंय, तर आमचंही सांगतो. वडील पारोळ्याकडचे, अंबडच्या एका कारखान्यात लागले आणि सिडकोत लहानसं घर घेतलं. एक खोली, एक स्वयंपाकाची जागा, पुढे थोडा ओटा. सिडकोचा निम्मा भाग खानदेशातून आलेला आहे, हे नाशिककरांना सांगायला नको. आमच्या गल्लीत अहिराणीच चालायची, मी मराठी शाळेत जाऊन शिकलो म्हणा.

घरात आम्ही पाच जण. पण गावाकडून कामाला आलेला प्रत्येक पोरगा आधी आमच्याकडे उतरायचा. चुलतभाऊ, मामेभाऊ, मामाच्या गावचा कोणी, कोणाच्या मेहुण्याचा भाऊ. वडील दारातच सांगायचे, "हाई घर आपलंच शे." एका वर्षी आम्ही अकरा जण होतो. अंथरुणं मात्र सहा.

मग ते असं चालायचं. पहिल्या पाळीचे दोघं पहाटे साडेपाचला उठायचे, त्यांच्या जागेवर रात्रपाळीहून आलेले दोघं सात वाजता आडवे व्हायचे. ते दुपारी उठले की दुसऱ्या पाळीला जाणारा थोडी पाठ टेकून घ्यायचा. आमच्या घरात ते अंथरूण कधी गारच झालं नाही. आई रविवारी सगळ्या गोधड्या ओट्यावर उन्हात घालायची, तेवढाच त्यांना वारा. उन्हाळ्यात बरं असायचं, सगळे गच्चीवर. पांडवलेण्याच्या डोंगरावरून वारा यायचा, आणि मोठे भाऊ एकमेकांना कोणत्या कंपनीत किती पगार, कुठे पर्मनंट करतात ते सांगत बसायचे. मी ते ऐकत ऐकत निजायचो. कंपन्यांची नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली.

श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, रात्री कोणी निजायचंच नाही. रोट, पुरणाचे दिवे, गाणी. त्या एका खोलीत कानबाई बसायची आणि आम्ही सगळे ओट्यावर, रस्त्यावर, शेजारच्यांच्या दारात. जे भाऊ तोवर स्वतःची खोली घेऊन गेलेले असत तेही त्या रात्री बायका-पोरांना घेऊन आमच्याकडे यायचे. आई मोजायची, "इतले लोक या घरमा मावनात!" आणि परत मोजायची.

निफाड

आमच्याकडे थंडीत वडील घरी निजतच नसत. द्राक्षबाग. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की पुढचे चार महिने त्यांची खाट बागेच्या कडेला, पत्र्याच्या खोलीत. घरात आजी, आई, मी आणि लहान भाऊ, सगळे चुलीच्या खोलीत एका मोठ्या वाकळेखाली, कारण निफाडची थंडी. इथला पारा किती खाली गेला हे टीव्हीवर सांगतात ना, तो आमच्या अंगणातला पारा.

कडाक्याची रात्र असली की तीनच्या सुमाराला वडील खिडकीवर टकटक करायचे. "उठा रे, शेकोट्या करायच्या." घड तयार होत असताना थंडीने मणी तडकतात. म्हणून बागेत जागोजाग पालापाचोळा पेटवून धूर करायचा आणि विहिरीचं पाणी सोडायचं. विहिरीचं पाणी त्या वेळी कोमट असतं. ओळींमधून पाणी धावायला लागलं की त्यातून वाफ निघायची. मी स्वेटरवर स्वेटर घालून सरीत उभा राहायचो, पाय त्या कोमट पाण्यात. अंगाला थंडी आणि पायाला ऊब. झोप त्यातच यायची, उभ्या उभ्या.

पेठ-सुरगाण्याकडून मजूर कुटुंबं यायची. त्यांची पोरं आमच्या वयाची. पडवीत त्यांची अंथरुणं, पण आजी थंडीत त्या पोरांनाही आत घ्यायची. मग वाकळेखाली आम्ही सहा-सात. विरळणीचं काम संपलं की ती कुटुंबं जायची आणि वाकळ एकदम मोठी वाटायला लागायची.

2014 ची गारपीट. मी अकरा वर्षांचा. गारा थांबल्यावर वडील बागेत गेले, फिरून आले, आणि त्या रात्री पहिल्यांदा ते घरी निजले. राखायला काही उरलंच नव्हतं. आईने त्यांचं अंथरूण माझ्या शेजारी घातलं. ते रात्रभर कडीपाटाकडे बघत होते. मी झोपेचं सोंग घेऊन त्यांच्याकडे.

पुढच्या ऑक्टोबरात खाट पुन्हा बागेत गेली.

नाशिकरोडजवळच्या एका गावातून

हे माझं पाहिलेलं नाही, आजीने सांगितलेलं आहे. तिचं लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा सासू तिला हे सांगायची, म्हणजे माझी पणजी. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचा शब्द आणि इथे सगळी बांधणी दादासाहेब गायकवाडांची. खेड्यापाड्यांतून माणसं पायी नाशकाला यायची. वाटेत आमचं घर. घर म्हणजे एक खोली आणि पुढे सारवलेलं अंगण. पणजी म्हणायची, अंगणात ओळीने माणसं निजलेली असायची, डोक्याखाली भाकरीचं गाठोडं. तिचं स्वतःचं बाळ दोन महिन्यांचं, आजोबांचे थोरले भाऊ. बाळ रडलं तर पाहुण्यांची झोप मोडेल म्हणून ती त्याला घेऊन रात्रभर गावाबाहेर चिंचेखाली बसायची. "मंदिरात जायला मला जमलं नाही," म्हणायची, "पण जाणाऱ्यांना झोप मी दिली."

ती चिंच आमच्या लहानपणी होती. आजी तिथून जाताना पदर सावरायची.

गंगापूर रोड

मे महिन्यात आमची निजायची जागा बदलायची. गंगेच्या काठी, यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते, 1922 पासूनची. अण्णा एकही व्याख्यान चुकवत नसत आणि मला बरोबर नेत. विषय कळायचा नाही. मी पायरीवर अण्णांच्या उपरण्यावर आडवा व्हायचो, दिवसभर तापलेला दगड पाठीला गरम लागायचा, वरून गंगेचा वारा. अर्थसंकल्प, ज्ञानेश्वरी, हृदयरोग, सगळ्यांवर मी सारखाच गाढ झोपलोय. घरी कसा यायचो ते आठवत नाही. सायकलच्या दांडीवर एका हाताने मला धरून अण्णा रविवार कारंज्याचा चढ चालत चढायचे, हे आईने पुष्कळ नंतर सांगितलं.

तांबट आळी

माझं वय 81. नातसून लिहून घेते आहे, मी सांगते आहे.

आमच्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काम. दिवसभर ठोक्यांचा आवाज. लग्न करून आले तेव्हा पहिले पंधरा दिवस कान दुखले. पुढे असं झालं की अमावास्येला काम बंद असलं की दुपारी डोळा लागायचा नाही.

मी सगळ्यांचं ऐकलं. फार छान सांगितलंत रे पोरांनो. सिन्नरच्या मुला, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

मला तिवंध्याच्या भाऊंना एक विचारायचं आहे. तुम्ही लिहिलंत, पहाटे जाग यायची तेव्हा बंब पेटलेला असायचा, सडा पडलेला असायचा. आमच्या घरी बंब मी पेटवायचे. घरात सगळ्यात शेवटी निजायचे आणि सगळ्यात आधी उठायचे, त्यामुळे माझं अंथरूण घातलेलं किंवा काढलेलं घरातल्या कोणी पाहिलंच नाही. तुमच्या दहा नावांत आजी देवघरापाशी, काकू माडीवर, आई खोलीत. मग चार वाजता उठून बंब कोण पेटवायचं? ते माणूस कुठे निजायचं?

तिवंधा, जुनं नाशिक

आजी, नमस्कार. तुमचं वाचून मी रात्री पावणेअकराला थोरल्या दादाला फोन लावला. आधी तो म्हणाला, आई पेटवत असेल. मग थोडा वेळ गप्प. मग आम्ही दोघंही एकदम बोललो.

आत्या. आजोबांची सगळ्यात मोठी मुलगी. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं घेऊन परत आली, ती शेवटपर्यंत आमच्यातच होती. आम्हा चौघांना न्हाऊमाखू घातलं, शाळेची दप्तरं भरली. आजीच्या त्या रंगाच्या गोधड्याही शिवल्या तिनेच.

ती कुठे निजायची हे दादाला आठवेना. मी डोळे मिटून बसलो. रात्री पाणी प्यायला उठलो की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाय जपून टाकावा लागायचा. अंधारात कोणीतरी पाय आखडून घ्यायचं आणि म्हणायचं, "डावीकडून ये, माठ डावीकडे आहे." तिथे. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या मधल्या उंबऱ्याला आडवी. अंथरूण म्हणजे एक चौघडी. सकाळी ती फडताळाच्या खालच्या खणात, पिठाच्या डब्यामागे असायची. डबा काढताना दिसायची.

दादाने पत्रिका शोधून काढली आणि उंबऱ्याच्या रेघेवर नाव लिहिलं. जागा कमी होती, म्हणून अक्षर बारीक आलंय. अकरा माणसं होती आमच्या घरात.